कलकत्त्याचे ठाकरे

आबांच्या खोलीत भिंतीतलं एक फडताळ होतं. खालच्या खणांत त्यांची औषधं, जुनी पंचांगं, दिवाळी अंक; आणि हात पुरणार नाही अशा वरच्या खणात इंग्रजी पुस्तकं. आबा तालुक्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत. मी तेव्हा पाचवीत होते, म्हणजे इंग्रजी नुकतंच सुरू झालेलं. दिसेल ती पाटी अक्षरं जुळवून वाचायचा नाद लागला होता. एका दुपारी स्टुलावर चढून वरच्या खणातल्या एका जाडजूड पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचलं आणि तिथूनच ओरडले, "आबा, बाळासाहेबांनी इंग्रजीत पण पुस्तक लिहिलंय?"

आबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ते नव्हेत गं. हे कलकत्त्याचे ठाकरे."

पुढे कितीतरी वर्षं माझ्या डोक्यात एक बंगाली ठाकरे घराणं सुखानं नांदत होतं. कॉलेजात इंग्रजीच्या बाईंनी 'थॅकरी' असा उच्चार केला, फळ्यावर तेच स्पेलिंग लिहिलं, आणि घराणं एका क्षणात बुडालं. आबांनी आपली चेष्टा केली होती म्हणून मी मनातून जरा रागावलेही. पण चेष्टा नव्हतीच ती. विल्यम मेकपीस थॅकरी हा कादंबरीकार १८ जुलै १८११ रोजी खरोखरच कलकत्त्यात जन्मला. त्याचे वडील तिथल्या रेव्हेन्यू बोर्डात होते आणि आजोबांनी त्याच प्रांतात हत्ती विकून पैसा केला होता. 'कलकत्त्याचे' हे अगदी बरोबर होतं. राहिलं ते 'ठाकरे'. ते कुठून आलं, हे शोधायला मला चाळिशी गाठावी लागली.

आडनावांचा मला पहिल्यापासूनच सोस. त्याचं कारण घरचंच. आमच्या आडनावात 'ळ' आहे, आणि इंग्रजीत लिहिलं की त्याचा 'ल' होतो. नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेले तेव्हा ओळखपत्रावर एक, पगाराच्या चिठ्ठीवर दुसरं आणि शेजाऱ्यांच्या तोंडी तिसरंच आडनाव घेऊन मी वावरत होते. आबांच्या कागदपत्रांत तर आमच्या आडनावाची चार स्पेलिंगं सापडली, चारही त्यांच्याच सुवाच्य हातातली. इंग्रजीच्या मास्तरानं आपलं नाव चार प्रकारे लिहावं याची तेव्हा गंमत वाटली होती. आता कळतं, की त्यातलं कुठलंच त्यांना बरोबर वाटत नसणार.

तर थॅकरी.

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशरमध्ये वॉशबर्न नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या खोऱ्यात, फ्यूस्टन आणि ग्रेट टिंबल या गावांच्या आसपास, थॅक्रे नावाची एक जागा होती. गाव म्हणण्याइतकी ती मोठी नसावी, वाडी म्हणूया. नाव इंग्रजी वाटतं, पण माती उकरली की खाली नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या लोकांची जुनी भाषा लागते. 'थाक' म्हणजे छप्पर, किंवा छपरावर घालायचं गवत, आणि 'व्रा' म्हणजे कोपरा, आडोशाचा कोना. ज्या कोपऱ्यात शाकारायचं गवत मिळतं, तो थॅक्रे.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गोठ्याची शाकारणी आठवली. घर कौलारू होतं, पण गोठ्यावर गवतच असायचं. मे अखेरीला वळवाची भीती सुरू झाली, की आबांचं एकच पालुपद: गडी कधी येणार आणि गवत कुठलं आणायचं? गवत सगळीकडे उगवतं, पण छपरावर घालण्याजोगं, लांब, ताठ, पाण्यानं लवकर न कुजणारं गवत ठरावीक जागीच मिळतं. त्या जागा गावाला ठाऊक असतात आणि त्यावरून भांडणंही होतात. हजारेक वर्षांपूर्वी वॉशबर्नच्या काठी कोणीतरी तशीच जागा हेरली आणि तिला सरळ तेच नाव दिलं. आपण असतो तर गवतकोनकर झालो असतो.

ही नॉर्स बोलणारी माणसं तिथं आली ती लुटारू म्हणून. डेन्सच्या सैन्यानं ८६६ साली यॉर्क घेतलं. पण दहाच वर्षांनी, ८७६ साली, त्यांचा राजा हाफडान यानं नॉर्थंब्रियाची, म्हणजे उत्तर इंग्लंडची, जमीन आपल्या लोकांना वाटून दिली आणि ते नांगरायला लागले, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. तलवारीचा इतिहास शाळेत शिकवतात. नांगराचा गावांच्या नावांत सापडतो. यॉर्कशरच्या नकाशावर 'बी'नं संपणारी गावं, 'थॉर्प'नं संपणारी वस्त्या, 'थ्वेट'नं संपणारी झाडं तोडून मोकळी केलेली रानं, असा नुसता सडा पडलेला आहे. 'व्रा'सुद्धा एकटा नाही. उत्तरेत रे नावाची खेडी आहेत ती याच कोपऱ्यातली.

'थाक' तर आणखी लांबचा नातेवाईक निघाला. इंग्रजीतला 'थॅच' हा त्याचा सख्खा भाऊ, आणि संस्कृतातला 'स्थग्' हा चुलतभाऊ. स्थग् म्हणजे झाकणे. आपण सभा स्थगित करतो तेव्हा, शब्दाच्या मुळाशी गेलं तर, तिच्यावर झाकणच घालत असतो. हा शब्द पुढे लागणार आहे.

जागेचं नाव माणसाला चिकटलं कसं, हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात कुठलाही थोरपणा नाही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. सोबत त्यांची नावं आली आणि शंभर-दोनशे वर्षांत जुनी इंग्रजी नावं मागे पडून जो तो विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड आणि जॉन झाला. एका वाडीत पाच जॉन असले की कुठला जॉन ते सांगावं लागतं: धाकट्याचा जॉन, लोहाराचा जॉन, गवताच्या कोपऱ्यावरचा जॉन. शेजाऱ्यांना एवढं पुरत होतं. सरकारला पुरेना, कारण कर वसूल करायचा तर माणूस पुढच्या वर्षीही त्याच नावानं सापडला पाहिजे. १३७७, १३७९ आणि १३८१ असे तीनदा डोईपट्टीचे कर बसले. तिसऱ्याच्या वेळी शेतकऱ्यांनी बंड केलं, तो भाग वेगळा. पण १३७९च्या कराच्या यॉर्कशरमधल्या याद्या टिकल्या आहेत आणि आडनावांचा अभ्यास करणाऱ्यांना त्या म्हणजे पंढरपूरच. त्यांत गावोगावचे लोक 'अमुक जागेचा तमुक' असे लिहिलेले भेटतात. त्यातला 'चा' हळूहळू गळाला आणि जागा तेवढी नावाला डकून राहिली. पुढे १५३८ साली टॉमस क्रॉमवेलनं प्रत्येक चर्चला जन्म, लग्न, मृत्यू यांची वही ठेवायला लावली आणि उरलीसुरली नावंही शाईत बसली.

एक मात्र आहे. माणूस आपल्या वाडीत असेपर्यंत त्याला वाडीच्या नावानं कोणी हाक मारत नाही. आपल्याकडे नाही का, चिपळूणकर हा चिपळूण सोडल्यावरच चिपळूणकर होतो. थॅक्रेवरून आडनाव पडलं ते बहुतेक थॅक्रेहून उठून शेजारच्या खोऱ्यात गेलेल्याचं.

आणि ते गेलेही. लिहिणाऱ्याच्या कानाप्रमाणे स्पेलिंगं फुटत गेली: थॅक्रे, थॅक्रा, थॅकरा, थॅकरी. लीड्समध्ये आजही थॅक्रे हे अगदी रोजचं आडनाव आहे, आपल्याकडच्या जोशी-पवारांसारखं नसेल, पण दुकानाच्या पाटीवर दिसलं तर कोणी थांबून वाचणार नाही असं. याच लीड्समध्ये चार्ल्स टर्नर थॅक्रा नावाचा डॉक्टर होऊन गेला. शिंपी वाकून वाकून कुबडा का होतो, गिरणीतल्या पोरांची छाती का भरत नाही, धार लावणारे तरुणपणी का मरतात, हे त्यानं कारखान्यांतून हिंडून पाहिलं आणि १८३१ साली धंदा आणि आजार यांच्या नात्यावर पुस्तक काढलं. दोनच वर्षांनी, अडतिसाव्या वर्षी, क्षयानं गेला. पुढे त्याच शहरात १९०२ साली चार्ल्स थॅक्रे या दुकानदारानं औषधांचं दुकान थाटलं. त्याचा शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा कारखाना झाला आणि जॉन चार्नली या सर्जननं माणसाला बसवलेले खुब्याचे कृत्रिम सांधे तिथं तयार होऊ लागले. लीड्सचं वैद्यकाचं संग्रहालय आज याच आडनावानं चालतं.

'थाक'चा गोतावळा मोजायला बसलं तर त्यात मार्गारेट थॅचरबाईही येतात. म्हणजे त्यांचे यजमान येतात. बाई माहेरच्या रॉबर्ट्स. थॅचर म्हणजे शाकारणारा. दक्षिणेकडे त्याचा उच्चार थॅचर, उत्तरेकडे थॅकर. आणि थॅकर म्हटलं की जुन्या मुंबईकराला, कलकत्त्यात मुरलेल्यालाही, पुस्तकाचं दुकान आठवतं. कलकत्त्याची 'थॅकर, स्पिंक' ही पेढी, तिची ती जाडी डिरेक्टरी आणि मुंबईची 'थॅकर अँड कंपनी'. डॉ. आंबेडकरांचं 'थॉट्स ऑन पाकिस्तान' १९४१ साली आणि शूद्र मूळचे कोण हे विचारणारं पुस्तक १९४६ साली याच मुंबईच्या थॅकरनं काढलं. यॉर्कशरच्या बोलीतला शाकारणारा गडी आंबेडकरांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर!

आपल्या थॅकरींची शाखा या लीड्सवाल्यांच्या मानानं चांगलीच वर चढली. ते वॉशबर्नहून काही मैलांवरच्या हॅम्प्सथ्वेट गावचे. ('थ्वेट' आहे, बघितलंत ना? तोडलेलं रान.) तिथला टॉमस थॅकरी, जन्म १६९३, शिकून केंब्रिजला गेला आणि १७४६ साली हॅरोच्या शाळेचा मुख्याध्यापक झाला. त्याला सोळा मुलं. शेंडेफळाचं नाव विल्यम मेकपीस. मेकपीस म्हणजे 'शांतता कर'. राणी मेरीच्या काळात धर्मासाठी जाळल्या गेलेल्या कुठल्याशा पूर्वजाची ती आठवण, असं घरात सांगत. प्रत्येक घरात असं काहीतरी सांगतातच. आमच्या घरात आम्ही पेशव्यांचे कोणीतरी होतो.

सोळावं मूल आणि मास्तराचं घर म्हणजे वाटणीला काय येणार? १७६६ साली, सतराव्या वर्षी, हा शांतता करणारा ईस्ट इंडिया कंपनीत चिकटून कलकत्त्याला उतरला. सहा वर्षांत आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचा कलेक्टर झाला. कंपनीचा पगार तुटपुंजा, पण खासगी धंद्याची मोकळीक. सिल्हेटच्या जंगलात हत्ती. त्यानं हत्ती धरून विकायला सुरुवात केली, कंपनीलासुद्धा. लोक त्याला 'सिल्हेट थॅकरी' म्हणू लागले. म्हणजे बघा, एका जागेवरून पडलेल्या आडनावापुढे दुसऱ्या जागेचं नाव लागलं. १७७६ साली, सत्ताविसाव्या वर्षी, आयुष्यभराची कमाई बांधून तो परत गेलासुद्धा.

भावापाठोपाठ बहिणीही आल्या होत्या. त्यातल्या जेननं १७७२ साली जेम्स रेनेलशी लग्न केलं. हा रेनेल म्हणजे बंगालचा पहिला सर्व्हेयर जनरल, ज्यानं हिंदुस्थानचा पहिला बरासा नकाशा काढला तो. नकाशावरची प्रत्येक वाडी टिपणाऱ्या माणसाच्या घरात, जिचं आडनाव म्हणजे एक वाडीच होती अशी बायको आली आणि येताना ते आडनाव टाकून आली.

सिल्हेट थॅकरीची पोरं एकामागोमाग एक हिंदुस्थानात आली. हत्तीच्या पैशावर इंग्लंडात वाढलेली मुलं पुन्हा कंपनीच्याच चाकरीत. एक मद्रासकडे गेला आणि कंपनीचा अधिकारी टॉमस मन्रो याच्या हाताखाली रयतवारीची, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याच्या पद्धतीची, बाजू मांडत राहिला. एक १८१४ साली नेपाळच्या युद्धात पडला. रिचमंड कलकत्त्यात राहिला. आणि सेंट जॉन नावाचा एक आला धारवाडला.

हा सेंट जॉन थॅकरी आपल्या अंगणातला. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण महाराष्ट्र म्हणून जो मुलूख कंपनीनं बांधून घेतला, त्याचं हे धारवाड. तिथं तो कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट. १८२४च्या सप्टेंबरात कित्तूरचा देसाई निपुत्रिक वारला. घरच्यांनी दत्तक पुढे केला, थॅकरीनं तो मानला नाही, खजिन्यावर मोहोर लावली आणि किल्ल्यावर धाक बसवायला तोफा घेऊन गेला. राणी चन्नम्मानं दरवाजे लावून घेतले. २३ ऑक्टोबरला दरवाजे उघडले ते आतून माणसं तुटून पडायलाच, आणि त्यात थॅकरी मारला गेला. कंपनीनं डिसेंबरात मोठी फौज आणून किल्ला घेतला, राणीला कैद केलं, सगळं केलं. पण कित्तूरला अजून त्या ऑक्टोबरातल्या विजयाचा उत्सव होतो. धारवाडकडच्या माझ्या एका मैत्रिणीला थॅकरी म्हटल्यावर कादंबरीकार आठवतच नाही. "आमच्या राणीनं मारला तो", एवढंच. लहानपणी शाळेच्या नाटकात ती स्वतः थॅकरी झाली होती, मिशी लावून. मेल्यावर हलायचं नाही म्हणून मास्तरांनी बजावलं होतं आणि तिला शिंक आली.

कित्तूरला काका पडला तेव्हा कादंबरीकार तेरा वर्षांचा होता आणि लंडनच्या शाळेत मार खात होता. त्याचे वडील रिचमंड १८१५ साली तापानं गेले. पुढच्या वर्षी, १८१६च्या डिसेंबरात, पाच वर्षांच्या विल्यमला बोटीत बसवून विलायतेला धाडलं, आई कलकत्त्यातच राहिली. वाटेत बोट सेंट हेलेनाला थांबली. तिथं नोकरानं त्याला लांबून एक माणूस बागेत फिरताना दाखवला आणि सांगितलं, तो बोनापार्ट, रोज तीन मेंढ्या खातो आणि हाती लागतील तेवढी लहान पोरं. ही आठवण त्यानं मोठेपणी व्याख्यानात सांगितली आहे.

रिचमंडच्या घरातली दुसरी गोष्ट त्यानं व्याख्यानात सांगितली नाही. विल्यमच्या आईशी लग्न व्हायच्या आधी रिचमंडच्या घरात शार्लट सोफिया रड नावाची एक बाई होती, बहुधा अँग्लो-इंडियन. तिच्यापासून त्याला १८०४ साली मुलगी झाली. मुलीचं नाव सेरा, आणि आडनाव रेडफील्ड. रेडफील्ड कुठून आलं? आईचं नव्हे, बापाचं तर नव्हेच. एक नवं कोरं आडनाव काढून तिला चिकटवलं. बापानं मृत्युपत्रात तिच्या पोटापाण्याची तरतूद केली, हे खरं. पैसे द्यायची तयारी होती, आडनाव द्यायची नव्हती. 'रेडफील्ड'चा अर्थ मी कोशात शोधत बसले नाही. त्या नावाला कुठलं शेत नव्हतंच.

या मुलीपाशी मी बरेच दिवस अडकले होते. आडनाव म्हणजे रक्ताचा दाखला, असं आपण किती सहज धरून चालतो! २००० साली ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स या अनुवंशशास्त्रज्ञानं आपल्याच आडनावाच्या पुरुषांचा डीएनए तपासला होता. साइक्स हेही यॉर्कशरचंच नाव, ओढ्यावरून पडलेलं. निम्म्याच्या आसपास लोक एका मूळपुरुषाचे निघाले आणि सगळ्यांना केवढं आश्चर्य वाटलं, सातशे वर्षांनी निम्मे! मला उरलेल्या निम्म्यांचं कुतूहल. त्यांत कोणी दत्तक असेल, कोणी आईच्या दुसऱ्या नवऱ्याचं नाव घेतलेलं असेल, कुठे बाईनं तोंड मिटून ठेवलेलं असेल. त्यांच्यात रक्त वेगळं आणि नाव तेच. सेरात रक्त तेच होतं.

आणि आता रक्ताचा थेंबही नसताना ज्यांच्याकडे हे नाव आलं, त्यांच्याकडे वळते.

केशव सीताराम ठाकरे, जन्म १७ सप्टेंबर १८८५, पनवेल. त्यांच्या घराण्याची हकीकत सांगतात ती अशी, की पूर्वज नाशिककडच्या धोडप किल्ल्यावरचे म्हणून धोडपकर, पुढे वडील पनवेलचे म्हणून पनवेलकर, आणि मुलाला शाळेत घालताना जुनं ठाकरे लावलं. म्हणजे थॅकरींच्याच चालीनं, जागा बदलली की नाव बदललं. केशवरावांचं इंग्रजी वाचन दांडगं. विल्यम मेकपीस थॅकरीचं लेखन त्यांना फार आवडे, आणि त्या आवडीपोटीच त्यांनी इंग्रजीत आपलं आडनाव त्याच्या स्पेलिंगनं लिहायला घेतलं, असं त्यांच्याविषयी नेहमी सांगितलं जातं. १९२१ साली त्यांनी 'प्रबोधन' काढलं आणि ते प्रबोधनकार झाले. माणसाला पाक्षिकावरून नाव पडावं, ही आणखी एक तऱ्हा.

एका स्पेलिंगचा तो शौक, बाकी काही नाही. मराठीत ठाकरे तसंच राहिलं, ठ तसाच, कानामात्राही तशाच. बदल झाला तो फक्त इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यासाठी. पण त्या बदलानं काय झालं पाहा. वॉशबर्नच्या काठचा गवताचा कोपरा रोमन लिपीत दादर-शिवाजी पार्कापर्यंत येऊन पोचला.

असं करणारे ते एकटे नव्हते. आपल्याकडच्या अनेक नावांनी इंग्रजीत शिरताना साहेबाचा तयार कोट अंगावर चढवला. ठाकूरांचं 'टागोर' झालं. काही गुजराती ठक्करांनी 'थॅकर' हे स्पेलिंग घेतलं. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेचे संचालक आणि पुढे सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे प्रमुख झालेले एम. एस. थॅकर हे मुळात ठक्करच. कागदावर ते आणि तो कलकत्त्याचा पुस्तकवाला एका घरातले वाटतात. एक ठक्कर, दुसरा शाकारणारा. माझ्या 'ळ'ला मात्र असा तयार कोट कुठे मिळाला नाही.

कादंबरीकार थॅकरी आणि आपले ठाकरे यांच्यात आणखी एक योगायोग आहे, आणि तो कोणी ठरवून आणलेला नाही. थॅकरी लेखक झाला तो चित्रकार होता होता. तरुणपणी पॅरिसला चित्रकला शिकला. १८३६ साली डिकन्सच्या 'पिकविक'चा चित्रकार वारला, तेव्हा हा आपली चित्रं घेऊन डिकन्सकडे गेला आणि नकार घेऊन आला. पुढे 'पंच' या विनोदी साप्ताहिकात लिहिता-लिहिता तो व्यंगचित्रंही काढी. १८४७-४८मध्ये हप्त्याहप्त्यानं आलेल्या 'व्हॅनिटी फेअर' या त्याच्या कादंबरीतली चित्रंही त्याचीच. आणि इकडे त्याचं स्पेलिंग घेतलेल्या घरातला मुलगा 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रकार झाला आणि १९६० साली त्यानं 'मार्मिक' काढलं. पाचवीतल्या मुलीची चूक तितकीशी चूक नव्हती, असं मी आता आबांना सांगितलं असतं.

राहता राहिली ती मूळची वाडी.

एकोणिसाव्या शतकात लीड्स भसाभस वाढलं. लोकरीच्या गिरण्या, कामगारांच्या चाळी, पटकीच्या साथी, आणि प्यायला नदीचं काळं पाणी. शहरानं उत्तरेला नजर टाकली ती वॉशबर्नच्या खोऱ्यावर. लिंडली वुडचा तलाव १८७६ साली झाला, स्विन्स्टीचा १८७८ साली, फ्यूस्टनचा १८७९ साली. फ्यूस्टनच्या पाण्याखाली थॅक्रे गेलं. खाली स्विन्स्टीच्या पाण्याखाली एडवर्ड फेअरफॅक्स या कवीचं घर गेलं, ज्यानं १६२२ साली आपल्या मुलींना चेटूक केलं म्हणून शेजारच्या बायकांवर खटला भरला होता. त्या बायकांची आडनावं वाचली तर तो आख्खा धडाच आहे: वेट म्हणजे पहारेकरी, फ्लेचर म्हणजे बाण करणारा, थॉर्प म्हणजे वस्ती. यॉर्कच्या न्यायालयानं त्यांना सोडून दिलं. फेअरफॅक्स म्हणजे सुंदर केसांचा, पण असो.

पुढे १९६६ साली त्याच नदीवर आणखी वर थ्रसक्रॉसचं धरण झालं आणि वेस्ट एंड नावाचं गाव बुडालं. ते अजून दुष्काळात डोकं वर काढतं, भिंतींचे दगड दिसतात, लोक बघायला जातात, जसे आपण उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ बघायला जातो. थॅक्रेचं तसंही काही ऐकलं नाही. सिल्हेटला हत्ती विकून झाले होते, कित्तूरला लढाई होऊन गेली होती, कादंबरीकाराला मरून सोळा वर्षं झाली होती, आणि मग वाडीवर पाणी सोडलं. झाकलं. स्थगित.

माझा भाचा लीड्सला शिकायला आहे. त्याला मी गेल्या उन्हाळ्यात जबरदस्तीनं फ्यूस्टनला पाठवलं. त्यानं तलावाकाठून व्हिडिओ कॉल केला. पाणी, पलीकडे झाडी, बदकं, कुत्रं फिरवणारे दोन म्हातारे. फोन हळूहळू चहूकडे फिरवून झाल्यावर म्हणाला, "मावशी, इथं काहीच नाहीये. नक्की कुठे बघायचं?"

"पाण्यात बघ," मी म्हटलं.

"पाणीच दिसतंय."

गवत आहे का विचारलं. काठाला आहे म्हणाला, गुडघ्याएवढं. उपटून दाखव म्हटलं तर लाजला, म्हातारे बघत होते. तरी फोन खाली नेऊन त्यानं ते दाखवलं. लांब, ताठ पात्यांचं होतं. आबांना विचारायला हवं होतं, छपरावर चाललं असतं का.

संध्याकाळी खोलीवर पोचल्यावर त्यानं पुन्हा फोन केला. पाय दुखत होते, बस चुकली होती, आणि एवढ्या लांब जाऊन बघितलं काय तर बदकं, अशी सगळी तक्रार झाली. मी त्याला म्हटलं, अरे, लीड्सच्या नळाला पाणी त्या तलावांतूनच येतं. तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "थांब हं, चहा ठेवतो." आणि फोन ओट्यावर उपडा ठेवल्यामुळे मला पुढचं काही दिसलं नाही, फक्त नळ सोडल्याचा आवाज आला.